बाबांसाठी धरलेली जागा

शनिवारी दुपारी यू देपेई पोटभर शंगजियान खाऊन घरी परतले, तेव्हा त्यांच्या राखाडी स्वेटरवर, ऐन छातीवर, तेलाचा डाग होता. हा आपला शेवटचा शनिवार आहे हे देपेईंना माहीत नव्हतं, आणि त्यांच्या मुलीला, रुईलानला, तर त्याहून नव्हतं. नाहीतर तिने तो डाग लगोलग साबण चोळून काढून टाकला नसता.

“पुन्हा सांडलंत?” स्वेटर ओढून घेत ती म्हणाली.

“मी कुठे? त्यानेच उडी मारली. तवा उतरायला आणि माझी पाळी यायला आज एकच गाठ पडली. असा योग रोज येत नाही.”

“जीभ भाजली ना?”

“भाजली की!” देपेई लॉटरी लागल्यासारखे म्हणाले.

शंगजियान हा तव्यावर भाजलेला बाओ, म्हणजे सारण भरलेला पिठाचा गोळा, दिसायला अगदी गरीब. गुबगुबीत, पांढरा, डोक्यावर तीळ आणि कांद्याची पात, तळाला खरपूस. पण पोटात डुकराचं सारण आणि त्या सारणाभोवती उकळता रस्सा. वरून एक बारीकसं भोक पाडायचं, फुंकर घालायची, रस्सा ओढून घ्यायचा आणि मग उरलेला ऐवज खायचा, असा रिवाज आहे. शांघायमध्ये पोरं चालायला लागायच्या आत हे शिकतात. रुईलान मात्र सेहेचाळीस वर्षांची झाली तरी शिकली नव्हती. ती एका विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासायची. न्हाणीघरात घसरलेले, गच्चीवर रजया वाळत घालताना स्टुलावरून पडलेले, सणाच्या दिवशी तांदळाच्या चिकट वड्या घशात अडकलेले, असे लोक तिच्या टेबलावरून रोज जायचे. शंगजियानच्या रश्शाची चिळकांडी थेट डोळ्यात गेलेला एक गृहस्थही त्यात होता. अशा बाईला जग कसं दिसणार? घर म्हणजे अपघाताची जागा आणि वडील म्हणजे होऊ घातलेला अपघात.

त्यामुळे तिच्या तोंडी एकच शब्द असायचा: जपून. जपून उतरा. जपून चावा. टोपी घाला, कठडा धरा, दुपारी झोपताना खिडकी लावा. देपेई तिला ‘आमच्या घरचा वाहतूक पोलीस’ म्हणायचे आणि तिने शिट्टी मारली की मुकाट्याने थांबायचे. फक्त शंगजियानच्या बाबतीत सिग्नल तोडायचे.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीची खिट्टी बसवली, रेडिओवर कथाकथन ऐकलं, मुळ्याच्या लोणच्याशी वाटीभर पेज घेतली, “आज रस्सा जरा गोडसर होता,” असं स्वतःशीच म्हणाले आणि झोपले. सकाळी उठले नाहीत. हृदय झोपेतच थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. ‘जपून’ म्हणायलाही कुठे फट नव्हती.

पुढचे दिवस कागदांत गेले. रुईलान रडली नाही. कागद तिला जमत होते. फोनच्या कंपनीत तिने वडिलांचा नंबर बंद करायचा अर्ज दिला, तेव्हा खिडकीतली मुलगी म्हणाली, “ज्यांच्या नावावर आहे त्यांना स्वतः यायला लागतं.”

“ते वारलेत.”

“हो का? मग त्यांच्या हातचं तसं पत्र आणा.”

रुईलानने वाद घातला नाही. दाव्यांच्या खात्यात तिने स्वतः लोकांना याहून वाईट उत्तरं दिली होती.

आणि मग एका सकाळी मोठ्या आत्याचा फोन आला. मोठी आत्या म्हणजे देपेईंची थोरली बहीण. वय ब्याऐंशी, आवाज वीस. घराण्यातल्या जन्ममृत्यूच्या रीती तिला तोंडपाठ होत्या, आणि ज्या नव्हत्या त्या ती जागच्या जागी तयार करायची.

“अगं लान, देपेई आला होता.”

रुईलानने चहाचा पेला खाली ठेवला. “कुठे?”

“कुठे म्हणजे? स्वप्नात! आणखी कुठून येणार आता? रांगेत उभा होता गं, शंगजियानच्या. पाळी आली की तवा रिकामा. बिचारा पुन्हा मागे जाऊन उभा. पुन्हा पाळी, पुन्हा तवा रिकामा. मला म्हणाला, ताई, पोटात कावळे ओरडतायत.”

“तुझ्या स्वप्नात आले?”

“मग काय तुझ्या येणार? स्वप्नातही टोपी घाला म्हणशील म्हणून घाबरला असेल.”

आत्याला हे लागावं असं म्हणायचं नव्हतं, पण ते लागलं. बाबा गेल्यापासून रुईलान रोज अंथरुणावर पडून वाट पाहत होती. एकदाही आले नव्हते. माणूस भुकेला असताना बहिणीच्या दारी जातो आणि लेकीचं दार टाळतो, याचा अर्थ काय? दावा तपासणाऱ्या बाईचा स्वप्नांवर विश्वास नसतो. पण भीतीला विश्वास लागत नाही. तिला नुसती जागा लागते, आणि रुईलानच्या घरात आता एक खोली रिकामी होती.

“येत्या शनिवारी पाचवं सातवं आहे,” आत्या म्हणाली. माणूस गेला की दर सातव्या दिवशी त्याचं पान मांडायचं. त्यातलं पाचवं लेकीकडचं. त्या दिवशी गेलेला माणूस तिकडच्या उंच मनोऱ्यावर चढतो आणि आपल्या घराकडे शेवटचं बघतो. “शेवटचं, लान. त्या दिवशी त्याला गरम शंगजियान मिळालं पाहिजे. आत रस्सा असलेलं. आणि आधी कुणी चाखलेलं नको, उष्टं पोचत नाही. दुपार कलायच्या आत. मिळालं नाही, तर तो त्या रांगेत जन्मभर उभा राहील. म्हणजे, जन्मभर नाही, पण तू समज काय ते.”

रुईलान समजली. तेवढं एक काम करायचं होतं. बाबांच्या आवडत्या दुकानातून, नदीपलीकडून, चार बाओ आणायचे, गरम.

ही बातमी जिन्यात कशी पोचली कोण जाणे. घर पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे प्रत्येक मजल्यावर सल्ला घेतल्याशिवाय वर जाता येत नसे. तळमजल्यावरच्या निवृत्त बसचालकाने कोणती बस कुठे धरायची ते सांगितलं आणि तिने दुसरीच सुचवल्यावर तो दुखावला. तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले, “बाजारातून गोठवलेले आणा हो. गेलेल्या माणसाला काय कळतंय?” यावर दुसऱ्या मजल्यापासून चौथ्यापर्यंत त्यांच्याशी सगळ्यांनी बोलणं टाकलं. समोरच्या वेईकाकू सर्वांत गंभीर. त्या म्हणाल्या, “डब्यात वाफ धरली की तळ मऊ पडतो. तळ मऊ पडला की ते शंगजियान नव्हे, ओला मोजा. डबा अंगाशी धर. माणसाच्या पोटासारखी ऊब कशाला नाही.”

शनिवारी सकाळी रुईलान दुकानासमोर उभी राहिली, तेव्हा रांग कोपऱ्यावरून वळली होती. आत तव्याचं लाकडी झाकण उचललं की वाफेचा ढग उठायचा आणि रांग एक पाऊल पुढे सरकायची. दुकानाची मालकीण गल्ल्यामागे उभी होती. आवाज असा, की लोक ऑर्डर द्यायच्या आधी माफी मागत.

“किती?”

“चार. बांधून.”

“घर कुठे?”

“नदीपलीकडे.”

“मग नको. पोचेपर्यंत चामडं होतं त्याचं. लोक फोटो टाकतात आणि खाली माझ्या दुकानाचं नाव लिहितात. बसून खा.”

“मला खायचं नाहीये,” रुईलान म्हणाली.

रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे बघितलं. देवळात जाऊन मला नमस्कार करायचा नाहीये म्हणावं, तसं ते झालं.

“वडिलांसाठी हवेत,” ती घाईने म्हणाली. “ते येऊ शकत नाहीत.”

“आजारी आहेत?”

“...आता नाहीत.”

मालकिणीने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि डबा पुढे सरकवला. “पळत जा,” ती म्हणाली.

रुईलानने डबा टॉवेलात गुंडाळला, कोटाच्या आत पोटाशी धरला, वरून बटणं लावली आणि बसमध्ये चढली. चढताक्षणी एक तरुण ताडकन उठला. “बसा ना, ताई. या दिवसांत उभं राहू नये.”

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. नाही म्हणावं, तर कोट उघडून दाखवायला लागणार. ती बसली. शेजारच्या म्हातारीने तिच्या केसांतल्या पांढऱ्या बटा पाहिल्या, मग पोट पाहिलं, आणि हळूच म्हणाली, “या वयात? धाडस आहे हो तुझं. कितवा?”

“चार आहेत,” रुईलान बोलून गेली.

म्हातारीने दोन्ही हात जोडले. तेवढ्यात बसने करकचून ब्रेक मारला.

डबा कोटात उलटा झाला आणि उकळता रस्सा टॉवेलातून, स्वेटरमधून, थेट पोटाला भिडला. रुईलान ओरडली नाही. ओठ घट्ट मिटून, डोळे विस्फारून बसून राहिली. ते पाहून म्हातारीच उठून ओरडली, “चालक, गाडी दवाखान्याकडे घ्या! बाईला कळा येतायत!” त्यानंतर बसमध्ये जे काही झालं ते रुईलानने पुढे कुणालाही सांगितलं नाही. दोन थांबे आधी उतरून ती चालत घरी आली.

घरी टेबल मांडलेलं होतं. वाफवलेला मासा, लाल मांस, टोफू, मोडाची भाजी, तांदळाच्या दारूचा प्याला, आणि बाबांचा फोटो. टेबलापाशी एक खुर्ची. तिला हात लावायचा नाही, तिथून कुणी जायचंसुद्धा नाही. गेलेला माणूस बसलेला असतो, त्याला धक्का लागतो. आत्याने डबा उघडला आणि आत बघितलं.

“हे काय गं?”

चारही बाओ फुटले होते. रस्सा रुईलानच्या पोटावर, आणि डब्यात नुसत्या चुण्या पडलेल्या साली.

“पाण्याविना विहीर वाढायची माझ्या भावाला?”

“थांबा,” वेईकाकू म्हणाल्या. त्या मघापासून दारात उभ्या होत्या, आणि संकट आल्याबद्दल त्यांना मनातून बरं वाटत होतं. “रस्साच हवा ना? कालचं कोंबडीचं पाणी आहे माझ्याकडे. आणि ह्यांच्या मधुमेहाच्या नव्या कोऱ्या सुया.”

रुईलान नको म्हणाली. ते कुणी ऐकलं नाही. वेईकाकूंनी सुई भरली, एकेका बाओला टोचली, आणि आत्या रुग्णाची बहीण असावी तशी शेजारी उभी राहिली. एका बाजूने भरलेलं पाणी दुसऱ्या बाजूने बाहेर येत होतं. “तळ पुन्हा भाजला की भोकं बुजतील,” असं वेईकाकूंचं मत पडलं. तव्यावर तेल तापलं, त्यात पाणी गळणारे बाओ पडले आणि स्वयंपाकघरात लढाई सुरू झाली. तेल उडालं. धूर झाला. धूर दारातून जिन्यात गेला, जिन्यातून खाली गेला, आणि खालून कर्णा ओरडला:

“पाचवा मजला! जिन्यात कागद जाळायला सक्त मनाई आहे! ऐकू येतंय का, पाचवा मजला!”

वस्ती समितीचे त्साओ वर आले. दंडाला लाल फीत, हातात कर्णा. तो त्यांनी दारातही खाली घेतला नाही. पितरांसाठी कागदी सोनं जाळणाऱ्यांना पकडण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे.

“यू बाई! तुमच्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसांनी...”

“आम्ही कागद नाही जाळत,” रुईलान खोकत म्हणाली. “बाओ जाळतोय.”

त्साओंनी तव्यात वाकून बघितलं. चार काळे गोळे. त्यांनी बराच विचार केला. बाओंबद्दल नियमात काही नव्हतं. मग त्यांची नजर टेबलावरच्या फोटोकडे गेली, कर्णा खाली आला, आणि ते साध्या आवाजात म्हणाले, “देपेईंचं पाचवं आहे होय? खिडकी उघडा मग. त्यांना ठसका लागेल.” आणि पाय न वाजवता उतरून गेले.

खिडकी उघडल्यावर धूर गेला, आणि घर फार शांत झालं. ऊन खिडकीच्या चौकटीवरून खाली उतरू लागलं होतं. दुपार कलायला फारसा वेळ नव्हता. रुईलान ओट्याला टेकून उभी राहिली. तिच्या पोटावर आग होत होती आणि त्या आगीच्याही खाली काहीतरी गार होतं. बाबा आज शेवटचं बघणार होते, आणि त्यांना काय दिसणार होतं? चार कोळसे.

“रडतेस?” आत्याने विचारलं.

“नाही.”

“मग कोट घाल. पान पाहुण्याकडे जात नसेल तर पाहुण्याने पानाकडे जावं. त्यात काय? जिवंतपणी तो जात नव्हता का?” आणि दुसऱ्या कुणी काही म्हणायच्या आत तिने काळी छत्री उघडली, देपेईंचा फोटो काळ्या फडक्यात गुंडाळून छत्रीखाली धरला आणि खुर्चीकडे वळून हाक मारली, “देपेई, ऊठ रे. आज बाहेर जेवायचंय.”

गेलेल्या माणसाला घेऊन रस्त्याने जायचं म्हणजे सोपं काम नाही. त्याला ऊन लागू द्यायचं नाही. पायऱ्या, वळणं, पूल, सगळं मोठ्याने सांगायचं, नाहीतर तो मागे राहतो. आणि हे सांगायचं मुलीने.

“बाबा, पायरी,” रुईलान पुटपुटली.

“मोठ्याने! तो पहिल्यापासून एका कानाने कमी ऐकतो.”

“बाबा, पायरी आहे! वळा! बाबा, बस आली, चढा!”

“छत्री मिटा,” चालक म्हणाला.

“त्याला ऊन चालत नाही,” आत्या म्हणाली.

“कुणाला?”

आत्याने छत्रीखाली बोट दाखवलं. चालकाने काळं फडकं पाहिलं, आरशात सगळ्या रिकाम्या बाकांकडे एकेक करून पाहिलं, आणि पुढची सबंध वाट अशी गाडी हाकली, की जणू मागे अंडी ठेवली आहेत. सूचौ नदीचा पूल आला तेव्हा रुईलानने खिडकीतून पाणी बघितलं. पाण्यापाशी वाट चुकते म्हणतात. “बाबा,” ती भर बसमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, “पूल आहे! माझ्याबरोबर राहा!”

कुणी हसलं नाही. हसले असते तर तिला बरं वाटलं असतं.

दुकानात आता पाय ठेवायला जागा नव्हती. इथे जागा मिळवायची एक रीत आहे: खाणाऱ्याच्या अगदी पाठीमागे उभं राहायचं आणि त्याच्या बशीत टक लावून बघत राहायचं, म्हणजे तो लाजेने लवकर आटपतो. आत्या रांगेत गेली आणि रुईलान एका जोडप्यामागे उभी राहिली. असला निर्लज्जपणा तिने उभ्या आयुष्यात केला नव्हता. पाठीमागून कुणी घास मोजतंय म्हटल्यावर माणूस घाईत गिळतो आणि गुदमरतो, हे तिला पुराव्यानिशी माहीत होतं, म्हणून ती वाकून म्हणाली, “सावकाश खा हं.” जोडप्याला तो टोमणा वाटला. ते उठून गेले.

दोन स्टुलं मिळाली. एकावर ती बसली. दुसरं बाबांचं.

“कुणी आहे का इथे?” लगेच एकीने विचारलं.

“आहेत. हात धुवायला गेलेत.”

“इथे बसू का, बाई?”

“नाही, येताहेत. गाडी लावताहेत.”

समोर बसून खाणारी एक मुलगी मान वर न करता म्हणाली, “आत्ता तर हात धुवायला गेले होते.”

खोटे दावे पकडणं हा रुईलानचा धंदा होता आणि आपला दावा किती लंगडा आहे ते तिला दिसत होतं. तेवढ्यात आत्या बशी घेऊन गर्दीतून कोपरं मारत आली. चार बाओ, तव्यावरून आत्ता उतरलेले, तीळ अजून चुरचुरत होते आणि वाफ सरळ वर चढत होती. आत्याने बशी रिकाम्या स्टुलापुढे ठेवली, शेजारी चॉपस्टिक मांडल्या आणि फोटो छातीशी धरून उभी राहिली.

“उदबत्ती लावली तर ही बाई आपल्याला हाकलून देईल,” ती कुजबुजली. “वाफ आहे तोवर तो जेवतोय असं धर. वाफ थांबली की झालं. तोवर स्टूल हलू द्यायचं नाही. काही झालं तरी!”

आणि तेव्हाच तो गृहस्थ आला. रुंद, घामेजलेला, दोन्ही हातांत दोन भरलेल्या बशा. त्याने विचारलं वगैरे नाही. रिकामं स्टूल दिसलं, त्याने वळून पाठ केली आणि खाली बसू लागला. रुईलानने स्टुलावर हात आडवा टाकला. तो तिच्या हातावर बसला.

“उठा!” ती किंचाळली. असा आवाज आपल्याकडे आहे हे तिला ठाऊक नव्हतं. “उठा! माझे बाबा बसलेत तिथे!”

“कुठे?” तो बसल्या बसल्या आजूबाजूला बघू लागला.

“तुमच्याखाली! वारलेत ते! आज त्यांचं पाचवं सातवं आहे!”

गृहस्थ असा उठला, की दोन्ही बशांतला रस्सा त्याच्या सदऱ्यावर आला. दुकानात एकदम शांतता झाली, नुसता तवा चरचरत होता. पाठीमागे टक लावून उभे असलेले सगळे दोन दोन पावलं मागे सरकले. समोरच्या मुलीने आपली बशी उचलली आणि पलीकडच्या टेबलावर, एका अनोळखी माणसाच्या मांडीवर जवळजवळ, जाऊन बसली. गृहस्थाचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. त्याने स्टुलाला कमरेत वाकून नमस्कार केला.

“माफ करा हं, काका. मी बघितलं नाही. तुम्ही जेवा.”

“कोण मेलंय इथे?” गल्ल्यामागून मालकीण गर्दी फाडत आली.

“माझा भाऊ,” आत्या म्हणाली.

“माझ्या दुकानात?”

“छे, घरी, झोपेत. जेवायला इथे आलाय.”

मालकिणीने बशी बघितली. स्टूल बघितलं. आत्याने फोटोवरचं फडकं बाजूला केलं, तिने तेही बघितलं. मग रुईलानकडे वळली. रुईलान अंग चोरून बसली होती, चुरडलेला हात मांडीवर घेऊन.

“पळत जा म्हटलं होतं ना?” मालकीण म्हणाली. “बरं. वाफ आहे तोवर बसू देत. वाफ गेली की जागा सोडायची. मेलेल्याला एक न्याय आणि जिवंताला एक, असं इथे चालत नाही.” आणि सबंध दुकानावर ओरडली, “बघताय काय? खा! गार होतंय!”

लोक खाऊ लागले, पण हळू आवाजात.

आत्या स्टुलाकडे वाकली. “देपेई, पोटभर जेव. माझ्या गुडघ्याकडे लक्ष ठेव. नातवाची परीक्षा आहे, तिकडे कुणाची ओळख असेल तर बघ. आणि रांगेत उभा राहत जाऊ नकोस, पुढे घुसत जा, तू फार भिडस्त.” मग तिने रुईलानला कोपराने ढोसलं. “तूही बोल.”

“आत्या, लोक बघतायत.”

“लोक त्याला बघतायत. तुला कोण बघतंय? बोल. वाफ चाललीय.”

वाफ खरंच विरळ होत होती. मघा सरळ वर जाणारी, आता वाकडी होऊन बशीच्या काठाशीच विरत होती. रुईलानने रिकाम्या स्टुलाकडे बघितलं. काय बोलायचं ते तिला माहीत नव्हतं, आणि तोंड उघडल्यावर जे नेहमी निघायचं तेच निघालं.

“बाबा, जपून. गरम आहे.”

“त्याला आता काय भाजणार आहे गं, लान?” आत्या म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

रुईलानचा हात ठणकत होता. पोटाची आग होत होती. इतकी वर्षं ती बाबांच्या मागे मागे हिंडली होती, टोपी घेऊन, मफलर घेऊन, औषधाची गोळी आणि कोमट पाण्याचा पेला घेऊन, आणि त्यांना वाटलं ती रागावते आहे. सगळ्यांनाच तसं वाटलं. तिलासुद्धा. तिने टेबलाची कड घट्ट धरली. वाफेचा एक शेवटचा बारीक धागा अजून होता.

“बाबा,” ती म्हणाली, हळू, पण कमी ऐकणाऱ्या कानाला ऐकू जाईल इतकं स्पष्ट. “मला भीती वाटायची. तुम्हाला काही होईल याची. रोज वाटायची, बाबा. आता तुम्हाला काही व्हायचं राहिलं नाही, तरी वाटतेच आहे.”